चीनची मानसकन्या

मैत्रिणींनो, परक्या मुलखातली सून घरात आली, की आधी तिची भाषा आपल्या कानाला खटकते. मग हळूहळू ती आपले शब्द उचलते, भाजी-भाकरीची नावं शिकते आणि एक दिवस चक्क आपल्याच भाषेत रागवायला लागते. त्या दिवशी ती खरी घरातली होते. आज जिची ओळख करून द्यायची आहे, ती बाई अख्ख्या एका देशाची अशी घरातली झाली होती. तिचं नाव पर्ल बक. साहित्याचं नोबेल पारितोषिक मिळवणारी ही पहिली अमेरिकन स्त्री. जन्मानं अमेरिकन, पण वाढली चीनमध्ये आणि मनानं कायम तिथलीच राहिली.

पर्लचा जन्म २६ जून १८९२ चा, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातला. वडील ख्रिस्ती मिशनरी होते आणि आई-वडील दोघंही चीनमध्ये राहायचे. पर्लच्या आधी त्यांची तीन मुलं तिकडच्या साथीच्या आजारांत दगावली होती. त्यामुळे आई कॅरोलिन काही काळ मायदेशी आली होती. तिथंच पर्ल जन्मली आणि अवघ्या काही महिन्यांची असताना बोटीत बसून चीनला पोचली.

यांगत्से नदीच्या काठावरचं झेनजियांग हे तिचं बालपणीचं गाव. घरात वांग नावाची म्हातारी आया होती. तिनं पर्लला अंगाखांद्यावर खेळवलं, भुताखेतांच्या आणि देवादिकांच्या गोष्टी सांगितल्या. साहजिकच पर्लच्या तोंडी चिनी भाषा आली ती या आयाकडून. सोनेरी केस आणि निळे डोळे सोडले, तर ही पोरगी शेजारच्या चिनी मुलींपेक्षा वेगळी नव्हती. त्यांच्या स्वयंपाकघरात जायची, काड्यांनी भात खायची, बायकांच्या गप्पा कान देऊन ऐकायची. परक्या माणसांसमोर जे बोललं जात नाही, ते सगळं तिच्या कानावर पडत होतं.

दुपारी कुंग नावाचे वयस्कर पंडित शिकवायला यायचे. चिनी भाषा शिकणं म्हणजे खायचं काम नाही बरं का! आपल्यासारखी बाराखडी तिथं नाहीच, हजारो चिन्हं एकेक करून डोक्यात साठवावी लागतात. शिवाय सुराचीही गंमत. ‘मा’ हा एकच उच्चार सरळ सुरात काढला तर आई, सूर खाली नेऊन वर आणला तर घोडा आणि झटक्यात खाली टाकला तर रागावणं! कुंग गुरुजींनी तिला चिन्हं गिरवायला शिकवलं, कन्फ्यूशियसचे विचार शिकवले, मोठ्यांचा मान राखण्याच्या रीती शिकवल्या. सकाळी आईकडून इंग्रजी पुस्तकं आणि दुपारी गुरुजींकडून चिनी, असा तिचा दिनक्रम. १९०५ मध्ये कॉलऱ्यानं गुरुजी गेले, पण शिकवलेलं मागे राहिलं.

हे बालपण नुसतं गोड नव्हतं. १९०० साली परदेशी लोकांविरुद्ध बॉक्सरांचं बंड पेटलं. कालपर्यंत मायेनं बोलणारी माणसं तोंड फिरवू लागली. आईला मुलं घेऊन शांघायला पळावं लागलं. आपण या मातीतले आहोत आणि तरी परके आहोत, हे आठ वर्षांच्या पर्लला तेव्हा कळलं. मुलगी जन्मली की तिचं काय होऊ शकतं, हेही तिनं लहान वयातच पाहिलं. घरामागच्या टेकडीवर टाकून दिलेल्या तान्ह्या मुलींची हाडं तिला खेळताना सापडायची आणि कोणाला न सांगता ती ती पुरून टाकायची. आपल्याकडच्या लेकींच्या बाबतीत आपण काय काय ऐकलं आहे ते आठवलं, की हे वाचताना अंगावर काटा येतो.

कॉलेजसाठी १९१० मध्ये ती अमेरिकेला गेली. तिथं मायदेशातल्याच मुलींना ती विचित्र वाटली. १९१४ मध्ये आई आजारी पडली म्हणून ती चीनला परतली. १९१७ मध्ये शेतीतज्ज्ञ जॉन लॉसिंग बक यांच्याशी तिचं लग्न झालं आणि ती उत्तर आन्हुईमधल्या एका लहानशा गावात राहायला गेली. दुष्काळी, कोरडा मुलूख. नवरा शेतकऱ्यांकडे पीकपाण्याची चौकशी करत हिंडायचा आणि पर्ल त्याची दुभाषी म्हणून बरोबर जायची. तो शेताबद्दल विचारायचा, ती मात्र चुलीपाशी जाऊन बसायची. बांधलेल्या पावलांनी घरकाम ओढणाऱ्या बायका, सासुरवास, बाळंतपणं, धान्याची चणचण, सगळं तिनं त्यांच्याच भाषेत ऐकलं. वस्तीवर काम करताना मलाही एक गोष्ट पक्की कळली आहे. हातात कागद घेऊन प्रश्न विचारले, की बायका मोजकंच बोलतात. शेजारी बसून शेंगा सोलायला घेतल्या, की मन मोकळं करतात.

१९२० मध्ये पर्लला मुलगी झाली, कॅरॉल. दिसायला गोजिरवाणी. पण बाळंतपणानंतर झालेल्या शस्त्रक्रियेमुळे पर्लला पुन्हा मूल होणार नव्हतं, आणि कॅरॉलची बुद्धी वयाबरोबर वाढत नव्हती. हा आजार अन्नातला एक घटक शरीराला न पचल्यामुळे होतो आणि वेळीच कळला तर पथ्यानं आटोक्यात ठेवता येतो, हा शोध तेव्हा लागायचा होता. पर्ल कितीतरी डॉक्टरांचे उंबरे झिजवत राहिली. पुढे जॅनिस नावाची मुलगी तिनं दत्तक घेतली. नवरा त्याच्या कामात बुडालेला. नानजिंगच्या विद्यापीठात शिकवणं, घर आणि आजारी लेक हे सगळं तिनं एकटीनं ओढलं.

मार्च १९२७ मध्ये नानजिंगमध्ये सैनिकांनी धुमाकूळ घातला. परदेशी माणसं मारली जाऊ लागली. तेव्हा लू नावाची एक गरीब बाई धावत आली. पर्लनं अडीअडचणीला तिला मदत केली होती. तिनं पर्लच्या सगळ्या कुटुंबाला आपल्या अंधाऱ्या झोपडीत लपवलं. बाहेर लुटालूट चालली होती आणि आत लहान मुलींना गप्प ठेवून सगळे तासन् तास बसून होते. घर लुटलं गेलं, पर्लनं लिहिलेली पहिली कादंबरीही त्यात नष्ट झाली, पण जीव वाचले. शेजारणीशी तिच्या भाषेत जोडलेलं नातं तोफा-बंदुकांच्या गदारोळात असं कामी आलं.

१९२९ मध्ये पर्लनं काळजावर दगड ठेवून कॅरॉलला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या एका संस्थेत ठेवलं. लेकीच्या आयुष्यभराच्या सोयीसाठी पैसा हवा होता. नानजिंगला परतून घराच्या माळ्यावरच्या खोलीत बसून तिनं अवघ्या तीन महिन्यांत एक कादंबरी लिहून काढली. तीच १९३१ मध्ये आलेली ‘द गुड अर्थ’. शेतकरी वांग लुंग आणि त्याची बायको ओ-लान यांची ही कथा. ओ-लान कमी बोलते, बाळंत होऊन लगेच शेतात उभी राहते, दुष्काळात कुटुंब तगवते. तिनं आयुष्यात स्वतःसाठी जपून ठेवलेली दोन मोती नवरा काढून घेतो आणि दुसऱ्या बाईला देतो. घरोघरी आजही अशी ओ-लान दिसते, हो ना? या कथेत एक मंदबुद्धी मुलगीही आहे, आणि बापाची माया तिच्यावर सगळ्यात जास्त. पर्लच्या मनातली कॅरॉलच ती.

ही कादंबरी तिच्या मनात चिनी भाषेतूनच उमटत गेली आणि इंग्रजीत उतरली, असं ती सांगायची. तोपर्यंत पाश्चात्त्यांच्या पुस्तकांतला चिनी माणूस म्हणजे एक तर कपटी किंवा थट्टेचा विषय. पर्लनं दाखवला तो नांगर धरणारा, पोरांसाठी जीव टाकणारा माणूस. १९३२ मध्ये पुलित्झर पारितोषिक, १९३८ मध्ये नोबेल. पुस्तकाच्या कमाईतून कॅरॉलची व्यवस्था कायमची लागली. मधल्या काळात तिनं चीनची एक जुनी, अवाढव्य कादंबरीही इंग्रजीत आणली. मात्र काही चिनी विद्वान नाराज झाले. आमच्या देशाचं दारिद्र्यच हिनं जगाला दाखवलं, असा त्यांचा आक्षेप होता.

१९३४ मध्ये चीन सुटला. पुढच्या वर्षी घटस्फोट घेऊन तिनं आपले प्रकाशक रिचर्ड वॉल्श यांच्याशी लग्न केलं. आणखी मुलं दत्तक घेतली. आशियाई आणि मिश्र वंशाच्या मुलांना कोणी दत्तक घेत नाही, हे पाहून १९४९ मध्ये ‘वेलकम हाऊस’ ही संस्था काढली. १९५० मध्ये कॅरॉलबद्दल उघडपणे लिहिलं. अशी मुलं घरात लपवून ठेवली जायची त्या काळात हे मोठंच धाडस होतं. आपल्या भारताच्या स्वातंत्र्यालाही तिनं पाठिंबा दिला होता. देव आनंदच्या ‘गाइड’ची इंग्रजी आवृत्ती लिहिली तीही हिनंच, हे आपल्यापैकी कितीजणींना माहीत असेल?

१९७२ मध्ये अमेरिका आणि चीनचे संबंध सुधारू लागले, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या पर्लनं चीनला जायची परवानगी मागितली. नकार आला. आईची कबर, बालपणीचं गाव पुन्हा दिसलं नाही. ६ मार्च १९७३ रोजी ती गेली. पेनसिल्व्हेनियातल्या तिच्या शेतघराजवळ तिची कबर आहे. त्या दगडावर इंग्रजी नाव नाही, तिचं चिनी नाव तेवढं चिनी चिन्हांत कोरलं आहे. चेनचू, म्हणजे मोती. आता झेनजियांग आणि नानजिंगमधली तिची घरं स्मारक म्हणून जपली आहेत.

परका देश समजून घ्यायला पर्लनं पुस्तकं वाचलीच, पण आधी ती तिथल्या आयांच्या, शेजारणींच्या भाषेत शिरली. आपल्या गावातही ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामाला लांबून बायका येतात. त्यांच्या बोलीतले चार शब्द शिकून बघा. पाणी, जेवण, बाळ, दुखतंय का. सुरुवातीला हसतील त्या, पण मग बोलतील.