खुर्चीवरच्या डॉक्टरबाई

हरमलला माडांचा तोटा नाही. नारळ पाडायला चढलेल्या पाडेल्याचा पाय निसटला तर कणा मोडू शकतो. जीव वाचला तरी कमरेखाली संवेदना उरत नाही. मग त्याला कोपऱ्यात निजवून ठेवायचे आणि पाठीला जखमा पडल्या की दैवाला बोल लावायचा, असे पुष्कळ घरी घडते. अशा घरी भेटीस जाणाऱ्या संडे स्कूलच्या शिक्षकांना डॉ. मेरी व्हर्गीस ठाऊक असाव्यात, असे आम्हांला वाटते.

त्या केरळच्या, १९२५ साली एका सुखवस्तू सिरियन ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकून तेथेच त्या स्त्रीरोगांचे पुढील शिक्षण घेत होत्या. जानेवारी १९५४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर सहलीस जाताना मोटारीला अपघात झाला. चेहऱ्यावर व्रण राहिला आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. आपण पुन्हा चालणार नाही, हे डॉक्टर असूनही त्यांच्या मनाला लवकर पटेना. विश्वासू माणसाला असे होत नाही, असे वाचकांनी समजू नये.

डॉ. पॉल ब्रँड यांनी मात्र हेरले की, मेरीबाईंचे हात शाबूत आहेत आणि कुष्ठरोग्यांच्या वाकलेल्या बोटांवरील शस्त्रक्रिया बसून करता येते. त्या चाकाच्या खुर्चीवर बसून ते काम शिकल्या. स्वतःच्या हातांची लाज वाटणाऱ्या रोग्यांपुढे आता त्यांच्याहून अधिक पंगू अशी डॉक्टर येऊन बसे! औषधाने न होणारे काम त्या खुर्चीने किती केले असेल, कोण जाणे.

पुढे ऑस्ट्रेलियात पर्थ येथे आणि न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत त्यांनी पुनर्वसनशास्त्राचे शिक्षण घेतले. परत येऊन वेल्लोरला त्यांनी तो विभाग सांभाळला, आणि १९६६ साली तेथे पुनर्वसन संस्था उभी राहिली. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८६ च्या डिसेंबरात त्या वारल्या. अपघातानंतर जवळजवळ तेहतीस वर्षे त्या जगल्या व बहुतेक काळ कामात होत्या.

कणा मोडलेल्यांना पूर्वी अंथरुणातील जखमा आणि मूत्रमार्गाचे विकारच अधिक मारीत. म्हणून निजलेल्या रोग्याची कूस साधारण दर दोन तासांनी पालटतात, रात्रीसुद्धा. एकट्या बायकोला हे झेपत नाही. भेटीस जाणाऱ्यांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या तर झेपेल.