सुदाम्याच्या आडचे वकीलसाहेब

विनोदकाराच्या पात्राचे बोलणे हेच त्याचे मत मानावे काय, हा वाद आज थेट न्यायालयात पोहोचतो. बुलडाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद येथे वकिली करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी तो शतकापूर्वीच ओढवून घेतला होता. नागपूर येथे १८७१ मध्ये जन्मलेल्या कोल्हटकरांनी १९०२ साली ‘साक्षीदार’ हा लेख लिहिला आणि मराठीत विनोदी लेखनाचे नवे दालन उघडले. ‘सुदाम्याचे पोहे’मधील सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या हे त्रिकूट वरकरणी रूढींचे भक्त. ते त्या इतक्या निष्ठेने पाळतात, की रूढींचेच हसे होते. श्रद्धावानांना हे झोंबणे स्वाभाविक होते. मात्र सुदामा हसतो तो स्वतःच्याच पांढरपेशा घरादाराला, आणि फजितीतून स्वतःलाही वगळत नाही. दुबळ्यांची टर उडविणाऱ्यांहून तो वेगळा ठरतो तो इथेच. कोट्यांचा अतिरेक मात्र आज खटकतो. १९२७ च्या पुणे साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९३४ मध्ये त्यांचे निधन झाले. तत्पूर्वीच शिष्य गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ हा नवा मुखवटा चढविला होता.