कलिंगानंतरचा अशोक



सम्राट अशोकाची गोष्ट तुमच्या घरी नवी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, ती अशोक विजयादशमीच्या दिवशी. म्हणून दरवर्षी त्या दिवशी आपल्या वस्तीत कोणी ना कोणी वक्ता उभा राहतो, कलिंगाच्या रणभूमीचे वर्णन करतो, राजाच्या हातून तलवार गळून पडते, टाळ्या होतात आणि गोष्ट संपते. मी शाळामास्तर आहे. वर्गात मीही ही गोष्ट याच ठिकाणी संपवीत असे. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारले की, गुरुजी, मग कलिंगातल्या लोकांचे पुढे काय झाले? मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना जे वाचले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

अशोक हा मौर्य घराण्यातील तिसरा राजा. चंद्रगुप्ताचा नातू, बिंदुसाराचा मुलगा. तरुणपणी तो बापाच्या वतीने उज्जैनचा कारभार पाहत होता, असे सिंहली ग्रंथ सांगतात. अशोकावदान या ग्रंथात त्याच काळाची एक कथा आहे. तक्षशिलेच्या लोकांनी बंड केले म्हणून बिंदुसाराने अशोकाला तिकडे धाडले. तो पोहोचला तेव्हा नागरिक वाटेवर सामोरे आले आणि म्हणाले की, आमचे भांडण राजाशी नाही, राजपुत्राशीही नाही. येथले दुष्ट अमात्य आम्हांला छळतात. ही कथा आहे, तिला इतिहासाचे वजन देऊ नका. पण ती ध्यानात असू द्या.

इ. स. पूर्व २६८ च्या सुमारास त्याचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर आठ वर्षांनी त्याने कलिंग, म्हणजे आजच्या ओडिशाचा समुद्राकडचा प्रदेश, जिंकला. त्या युद्धाचा हिशोब त्याने स्वतः तेराव्या शिलालेखात दिला आहे. दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख मारली गेली, आणि त्याच्या कितीतरी पट माणसे मागाहून मेली. जी जिवंत राहिली त्यांचेही आप्तेष्ट गेले, म्हणून त्यांचे दुःखही त्याने या हिशोबात धरले आहे. जिंकणाऱ्या राजाने आपल्या विजयाचा असा जमाखर्च दगडावर मांडावा, हे जगाच्या इतिहासात फार क्वचित घडले आहे.

आता एक गोष्ट पाहा. हा तेरावा लेख गिरनारला आहे, डेहराडूनजवळ कालसीला आहे, पार पेशावरकडे शाहबाजगढीलाही आहे. पण कलिंगात नाही! भुवनेश्वरजवळ दया नदीच्या काठी धौली आणि गंजाम जिल्ह्यात जौगड, अशा दोन ठिकाणी अशोकाचे लेख खडकावर आहेत. तेथे अकरा, बारा आणि तेरा हे तीन लेख गाळून त्यांच्या जागी दोन वेगळे लेख कोरले आहेत. पुढे कर्नाटकात सन्नतीलाही हे दोन लेख सापडले, पण ते मुळात कलिंगासाठीच लिहिलेले दिसतात. विद्वानांनी याची कारणे निरनिराळी दिली आहेत. मला साधे कारण पटते. ज्याच्या घरातला माणूस तुम्ही मारला, त्याच्या दारात जाऊन मला फार वाईट वाटते असे सांगण्यात काय हशील? त्याला पाहिजे असतो न्याय, आणि उद्यापासून शिपाई आपल्याशी कसा वागेल याची हमी.

धौलीचा पहिला वेगळा लेख तोसली नगरातील महामात्रांना उद्देशून आहे. महामात्र म्हणजे मोठे अधिकारी. हे नगरात न्यायनिवाडा करणारे होते. तो लेख म्हणजे हुकूम कमी आणि शिकवणी जास्त आहे. अशोक त्यांना सांगतो की, हजारो जिवांवर तुम्हांला नेमले आहे ते लोकांचे प्रेम मिळविण्यासाठी. सगळी माणसे माझी लेकरे आहेत. लेकरांचे जे भले मी इच्छितो तेच सगळ्यांचे. तुम्हांला हे थोडेफार समजते, पुरते समजत नाही. एखादा माणूस विनाकारण तुरुंगात पडतो, त्याचा छळ होतो, आणि त्याच्यामागे आणखी पुष्कळ लोक दुःख भोगतात. म्हणून तुम्ही मध्यम मार्गाने, निःपक्षपातीपणे वागले पाहिजे.

मग तो न्याय कशाने बिघडतो ते सांगतो. सात दोष मोजतो: मत्सर, राग, निष्ठुरता, उतावळेपणा, कामाचा सराव नसणे, आळस आणि थकवा. मत्सर, राग, निष्ठुरता हे कोणीही सांगेल. पण आळस आणि थकवा यांना निष्ठुरतेच्या पंक्तीला बसविणारा राजा मी दुसरा पाहिला नाही.

थोडे घरचे सांगतो. माझ्या कॉलेजच्या प्रवेशासाठी एक दाखला पाहिजे होता. माझे वडील त्यासाठी तालुक्याला पाच खेपा गेले. पाच दिवसांची मजुरी बुडाली. तिथल्या कारकुनाने त्यांना शिवी दिली नाही, जात काढली नाही, हाकलूनही दिले नाही. तो फक्त मान वर न करता उद्या या म्हणत असे. त्याला कंटाळा आला होता, एवढेच. प्रवेशाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी दाखला मिळाला. वडिलांना त्या माणसाचा कधी राग आला नाही, कारण रागावण्यासारखे त्याने काही केले आहे हेच त्यांना वाटले नाही. धौलीचा लेख वाचला तेव्हा मला कळले की बावीसशे वर्षांपूर्वी एका राजाने हा गुन्हा नावानिशी लिहून ठेवला आहे. आज आपल्या घरची मुले पोलीस भरतीला पळतात, स्पर्धा परीक्षेला बसतात, कोणी तलाठी होतो, कोणी ग्रामसेवक. टेबलाच्या पलीकडे आता आपले लेकरू बसणार आहे. ते सात दोष त्याच्यापुढेही उभे राहणार आहेत.

शिकवून सोडून देणारा अशोक नव्हता. त्याची व्यवस्था पाहा. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी ऐकवायचा. मधल्या दिवसांतही ऐकवायचा, ऐकायला एकच माणूस असला तरी ऐकवायचा. म्हणजे अधिकाऱ्यांना दिलेली समज लोकांच्याही कानावर जाणार; साहेबाने कसे वागायचे ते रयतेला ठाऊक होणार. शिवाय दर पाच वर्षांनी, जो कठोर नाही, तापट नाही, ज्याची कृती सौम्य आहे असा अधिकारी तपासणीच्या दौऱ्यावर पाठवीन, असेही त्याने लिहिले. उज्जैनच्या राजपुत्राने अशीच माणसे तीन वर्षांच्या आत पाठवायची, आणि तक्षशिलेहूनही तसेच. तक्षशिला! बंडखोर नागरिकांची कथा खरी असो वा नसो, अधिकारी माजला की काय होते हे या राजाला माहीत होते.

दुसरा लेख सीमेपलीकडच्या, न जिंकलेल्या लोकांबद्दल आहे. राजा आमचे काय करणार, अशी भीती त्यांना असेल, हे अशोक ओळखून होता. कलिंगाचे हाल त्यांनी शेजारून पाहिले होते. त्यांनी मला भिऊ नये, विश्वास ठेवावा, माझ्याकडून त्यांना सुखच मिळेल, जे क्षमा करण्याजोगे आहे ते मी क्षमा करीन, हे त्यांच्या मनावर ठसविण्याचे काम त्याने महामात्रांवर सोपविले. तसे वागून दाखविल्याशिवाय ते ठसणार नव्हते.

राज्याभिषेकाला तेरा वर्षे झाल्यावर त्याने धम्ममहामात्र नेमले. असे अधिकारी पूर्वी नव्हते, हे तो स्वतःच सांगतो. सर्व पंथांत, नोकर-मालकांत, अनाथ आणि वृद्ध यांच्यात त्यांनी काम करायचे. कैद्यांकडे जायचे, ज्याला लहान मुले आहेत, जो म्हातारा आहे, त्याच्या सुटकेची खटपट करायची. त्यांच्या कामाच्या मुलखांत रठिक, पेतनिक आणि अपरांत ही नावे येतात. अपरांत म्हणजे आपले कोकण. तिथल्या सोपाऱ्याला, आजच्या पालघर जिल्ह्यात, अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना मिळाला, आणि नवव्याचा तुकडा मिळाला तो नेमका १९५६ साली.

सव्वीस वर्षे राज्य केल्यावर त्याने स्तंभांवर लेख कोरले. त्यात रज्जुक नावाच्या अधिकाऱ्यांना तो सांगतो की, हुशार दाईच्या हाती मूल सोपवून माणूस निर्धास्त व्हावा, तशी मी प्रजा तुमच्या हाती दिली आहे. न्यायात समता ठेवा, शिक्षेत समता ठेवा. काही पंडित म्हणतात की याचा अर्थ सगळ्या प्रांतांत एकच पद्धत, एवढाच. असेल. पण त्याच्या मागाहून रचलेल्या मनुस्मृतीत एकाच गुन्ह्याला वर्ण पाहून वेगळी शिक्षा सांगितली आहे, आणि ती आपल्या पूर्वजांनी भोगली आहे. शिक्षेत समता हे शब्द आपण वाचतो तेव्हा पंडितांपेक्षा वेगळे वाचतो.

अशोकाला देव करण्याचे कारण नाही. फाशी त्याने बंद केली नाही. शिक्षा झालेल्याला तीन दिवसांची सवड दिली, नातेवाइकांनी त्याच्या जिवासाठी विनवणी करावी म्हणून. ज्या तेराव्या लेखात पश्चात्ताप आहे त्याच लेखात अरण्यातल्या लोकांना दमही दिला आहे की, मला दुःख झाले असले तरी माझे बळ गेलेले नाही. सैन्य त्याने मोडल्याचे कुठे दिसत नाही. आणि उपासक झाल्यावर पहिले वर्षभर आपण फारसा उद्योग केला नाही, हेही त्याने आपणहून लिहिले आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी दीक्षेनंतर अजून जुने देव फळीवर आहेत, त्यांना हे वाचून थोडा धीर येईल.

इ. स. पूर्व २३२ च्या सुमारास तो वारला. अशोकावदान सांगते की शेवटी अमात्यांनी त्याचा हात आखडून धरला, विहाराला दान द्यायला त्याच्याजवळ अर्धा आवळा तेवढा उरला, आणि तोच त्याने दिला. पन्नासएक वर्षांत मौर्यांचे राज्य गेले. पुढे ब्राह्मी लिपी लोक विसरले. एकच माणूस ऐकायला असला तरी ऐकवा, असे ज्या खडकावर कोरले होते, तो खडक शेकडो वर्षे कोणालाच वाचता येईना. जेम्स प्रिन्सेप यांना ती लिपी लागली १८३७ साली.

त्या मुलीला मी हे सगळे सांगितले, उशिरा का होईना. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले की, पकडून नेलेले दीड लाख लोक परत घरी आले का? मी अशोकाचे लेख पुन्हा एकदा चाळले. त्यांच्याविषयी त्यात एक अक्षरही नाही.