दंतकथेआड राहिलेले गॅरी किल्डॉल

वैयक्तिक संगणकाच्या इतिहासात गॅरी किल्डॉल यांचे नाव निघाले, की बहुधा एकच गोष्ट सांगितली जाते. १९८० साली आयबीएमचे अधिकारी दाराशी आले, तेव्हा हे गृहस्थ विमान उडवण्यात रमले होते आणि जगातील सर्वांत मोठा सौदा त्यांच्या हातून निसटला. लक्ष्मी टिळा लावायला आली असता तोंड धुवायला जाणाऱ्याची ही गोष्ट चटकदार आहे, म्हणूनच ती टिकली. परंतु तिच्यामुळे किल्डॉल यांनी काय गमावले एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. त्यांनी काय दिले, याचा विसर पडला.

किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरी झाला. घराण्याची नौकानयन शिकवणारी शाळा होती आणि तरुणपणी त्यांनीही तेथे अध्यापन केले. वॉशिंग्टन विद्यापीठातून १९७२ मध्ये संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवल्यानंतर कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत ते पुन्हा शिकवू लागले. शिक्षकाचा पिंड त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

त्याच सुमारास इंटेल कंपनीचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आला. वाहतूक दिव्यांसारख्या यंत्रांचे नियंत्रण करणारा सुटा भाग, एवढीच त्याची योग्यता बहुतेकांना वाटत होती. किल्डॉल यांना मात्र त्यात टेबलावर मावणारा संपूर्ण संगणक दिसला. ते इंटेलचे सल्लागार झाले आणि त्यांनी या प्रोसेसरांसाठी पीएल/एम ही भाषा रचली. पुढे १९७४ मध्ये त्यांनी फ्लॉपी डिस्कवरील माहिती नावानिशी साठवणारी व हवी तेव्हा काढून देणारी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. डिस्क आणि संगणक यांना जोडणारे विद्युतमंडल त्यांचे मित्र जॉन टोरोड यांनी तयार केले. इंटेलने ही प्रणाली विकण्यात रस दाखवला नाही. तेव्हा पत्नी डोरोथी यांच्यासह किल्डॉल यांनी पॅसिफिक ग्रोव्ह या किनारी गावात स्वतःची कंपनी काढली. तीच पुढे डिजिटल रिसर्च या नावाने प्रसिद्ध झाली. व्यवहाराची बाजू डोरोथी सांभाळत.

किल्डॉल यांचे खरे कर्तृत्व यापुढचे आहे. त्या काळी प्रत्येक कंपनीच्या संगणकाची घडण निराळी असे आणि एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. इम्साई कंपनीच्या संगणकासाठी सीपी/एम जुळवून देताना किल्डॉल यांनी प्रणालीचे दोन भाग केले. यंत्राच्या घडणीशी निगडित असलेला छोटा भाग त्यांनी वेगळा काढला आणि त्याला बायोस हे नाव दिले. उरलेला मोठा भाग सर्व यंत्रांसाठी समान ठेवला. आता नव्या संगणकासाठी केवळ बायोस नव्याने लिहिले की पुरे. सीपी/एम शेकडो प्रकारच्या संगणकांवर पोहोचली. पत्रलेखनासाठी वर्डस्टार, नोंदी ठेवण्यासाठी डीबेस, हिशेबासाठी सुपरकॅल्क असे प्रोग्रॅम एकदा लिहून अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर विकता येऊ लागले. सॉफ्टवेअर हा यंत्रापासून स्वतंत्र असा धंदा होऊ शकला, तो या विभागणीमुळे.

आयबीएमचे अधिकारी आले त्या सकाळी किल्डॉल स्वतःच्या विमानाने गेले होते हे खरे. परंतु ते एका ग्राहकाच्या भेटीसाठी, कामानिमित्त. घरच्या बैठकीत आयबीएमच्या एकतर्फी गोपनीयता-करारावर सही करण्यास डोरोथी व त्यांचे वकील कचरले आणि पुढे व्यवहाराच्या अटी जुळल्या नाहीत. मग मायक्रोसॉफ्टने सिअ‍ॅटलमधील एका छोट्या कंपनीकडून टिम पॅटरसन यांनी लिहिलेली प्रणाली घेतली आणि ती आयबीएमला पुरवली. तिची रचना वापरणाऱ्या प्रोग्रॅमांच्या दृष्टीने सीपी/एमशी मिळतीजुळती होती. किल्डॉल यांनी हरकत घेतली, पण संगणकाच्या प्रोग्रॅमला स्वामित्वहक्काचे किती संरक्षण मिळते हे तेव्हा स्पष्ट नसल्याने ते न्यायालयात गेले नाहीत. आयबीएमने सीपी/एमही विक्रीस ठेवण्याचे मान्य केले. प्रत्यक्षात तिची किंमत २४० डॉलर ठेवली गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीची अवघी ४०. ग्राहकाने कोणती निवडली असेल, हे सांगायला नकोच. विमानफेरीपेक्षा या दोन आकड्यांनी इतिहास अधिक घडवला.

त्यानंतरही किल्डॉल थांबले नाहीत. एकाच वेळी अनेक कामे करणाऱ्या प्रणाली त्यांच्या कंपनीने बाजारात आणल्या. सीडीवरील ज्ञानकोशाच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्यांचा पुढाकार होता. संगणकाविषयीच्या एका दूरचित्रवाणी मालिकेचे सहसूत्रसंचालक म्हणून त्यांनी सामान्य प्रेक्षकांना हे नवे यंत्र शांतपणे समजावून दिले. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नॉव्हेल कंपनीने विकत घेतली. किल्डॉल यांना पैसा मिळाला, पण आपले श्रेय दुसऱ्याच्या नावे जमा झाल्याची खंत राहिली. डोक्याला झालेल्या इजेमुळे ११ जुलै १९९४ रोजी माँटेरे येथे वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पॅसिफिक ग्रोव्हमधील त्यांच्या जुन्या कार्यालयापाशी २०१४ मध्ये सीपी/एमच्या स्मरणार्थ फलक बसवण्यात आला. त्यांची प्रणाली कालबाह्य झाली, कंपनीही उरली नाही. मात्र यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, त्यावर आपला प्रोग्रॅम चालावा ही अपेक्षा आज आपण गृहीत धरतो. तिच्यामागे या प्राध्यापकाचे श्रम आहेत, याची नोंद त्या विमानाच्या गोष्टीआधी व्हायला हवी.