खडकाळ खोऱ्यातील पाळक ओबर्लिन व त्यांची विणकामाची खोली



ख्रिस्ती प्रीती हा विषय मोठ्या माणसांनाही पुरता उमगत नाही. मग चार-पाच वर्षांच्या लेकरांना तो कसा शिकवावा, हा प्रश्न खेड्यांतील उपदेशकांना व शब्बाथशाळेच्या शिक्षकांना वारंवार पडतो. वचने पाठ करून घेतली म्हणजे ती मुलांच्या जिभेवर राहतात. परंतु जिभेवरून ती हातांत कशी उतरावी? ह्या प्रश्नाचे एक उत्तर सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी एका खेडवळ मुलीने आपल्या बापाच्या घरात शोधून काढले, आणि तिच्या पाळकाने ते ओळखले. त्या पाळकाचे नाव योहान फ्रीड्रिख ओबर्लिन. त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

ओबर्लिन ह्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७४० रोजी आल्सास प्रांतातील स्ट्रासबुर्ग शहरी झाला. हा प्रांत तेव्हा फ्रान्सच्या राजाच्या अमलाखाली होता, तरी तेथील पुष्कळ लोक जर्मन बोलत व लूथरच्या मताचे होते. वडील प्रोटेस्टंट विद्यालयात शिक्षक होते. घरात मुले पुष्कळ व मिळकत बेताची. तरीही दर आठवड्यास प्रत्येक मुलाच्या हातावर एखाददुसरे नाणे ठेवण्याचा वडिलांचा परिपाठ असे. लहान फ्रीड्रिख आपली नाणी एका पेटीत साठवी. चरित्रकार सांगतात की, एके दिवशी बाजारात काही उनाड पोरांनी एका गरीब बाईची अंड्यांची टोपली पाडली. ते पाहून हा मुलगा घरी धावत गेला आणि आपली पेटी आणून त्याने सगळी शिल्लक त्या बाईस देऊन टाकली. प्रीती ही हातांनी करावयाची गोष्ट आहे, हे त्यांना बालपणीच कळले होते असे आम्हांस वाटते.

स्ट्रासबुर्ग येथे ईश्वरज्ञानाचा अभ्यास पुरा केल्यावर त्यांनी एका शस्त्रवैद्याच्या घरी मुलांचे शिक्षक म्हणून काम केले, व तेथे थोडे औषधपाणीही शिकून घेतले. पुढे फ्रेंच पलटणीत धर्मगुरू होण्याचे ठरत होते. इतक्यात १७६७ साली श्टूबर नावाचे एक पाळक त्यांच्या शोधात आले. ओबर्लिन एका माळ्यावरच्या खोलीत राहत होते. बिछान्याला कागदाचे पडदे लावलेले, आणि दिव्याच्या ज्योतीवर एका लहान भांड्यात पावाचे जेवण शिजत टांगलेले. ही साधी राहणी पाहून श्टूबर ह्यांना आनंद झाला; कारण ज्या ठिकाणासाठी ते माणूस शोधीत होते, तेथे ऐषआरामाची सवय असलेल्याचा निभाव लागला नसता.

ते ठिकाण म्हणजे व्होज पर्वतातील बाँ-द-ला-रोश हे खोरे. जर्मन भाषेत त्याला पाषाणाचे खोरे अशा अर्थाचे नाव आहे, आणि ते यथार्थ होते. वाल्डर्सबाख, बेलफॉस, बेलमाँ, फुदे व सोलबाख ही पाच गावे त्या पाळकाच्या हाताखाली होती. जमीन खडकाळ, हिवाळा लांब, आणि सतराव्या शतकातील तीस वर्षांच्या युद्धाने सगळा मुलूख उजाड केलेला. बाहेर जाण्यास धड रस्ता नव्हता. लोकांची बोली बाहेरच्यांना कळत नसे. श्टूबर प्रथम तेथे आले तेव्हा त्यांना शाळेत एक म्हातारा आढळला. डुकरे राखण्याची शक्ती उरली नाही, म्हणून गावाने त्याला मुले राखावयास ठेवले होते! श्टूबर ह्यांनी तेथे खरी शाळा सुरू केली, लोकांना गीते शिकवली व पुस्तके वाचावयास दिली. त्यांनी पेरलेल्या शेतात ओबर्लिन ३० मार्च १७६७ रोजी येऊन उभे राहिले, आणि मरेपर्यंत, म्हणजे ५९ वर्षे, त्यांनी ते शेत सोडले नाही.

ते लोकांना नुसते सांगत नसत. खोऱ्यातून बाहेर जाण्यास रस्ता करावा असे त्यांनी सुचवले तेव्हा लोकांनी माना हलवल्या. तेव्हा ते स्वतः कुदळ खांद्यावर घेऊन निघाले आणि खडक फोडू लागले. पाळक घाम गाळीत आहे आणि आपण दारात बसलो आहोत, ही लाज लोकांना सहन झाली नाही. ते मागोमाग आले. रस्ता झाला, ब्रुश नदीवर पूल झाला, पुढे शाळांच्या इमारती उभ्या राहिल्या, बटाट्याचे चांगले बियाणे आले व फळझाडे लागली. दृढीकरणाच्या वर्गात येणाऱ्या प्रत्येक मुलाने आधी दोन झाडे लावल्याचा दाखला आणावा, असा त्यांचा नियम होता. जो मुलगा आपल्यामागून येणाऱ्यांसाठी झाड लावतो, त्याला शेजाऱ्यावर प्रीती करणे म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही.

परंतु ज्या कार्यामुळे त्यांचे नाव जगात राहिले, त्याचा आरंभ त्यांनी केला नाही. तो सारा बानझेट नावाच्या मुलीने केला. ती बेलमाँ गावच्या एका शेतकऱ्याची कन्या. आईबाप शेतावर गेले म्हणजे गावातील लहान मुले दिवसभर मोकाट फिरत, चिखलात लोळत, शिव्या शिकत. साराने त्यांना आपल्या घरी गोळा केले. शेकोटीच्या उबेच्या खोलीत बसवून ती त्यांना सुयांवर विणणे शिकवू लागली. हात गुंतलेले असताना ती प्रार्थना व गोष्टी सांगे. तिच्या बापाला हे रुचेना. घरचे काम सोडून परक्यांच्या पोरांत वेळ घालवते, ह्यात मिळकत काय, असे त्याचे म्हणणे होते, आणि गरिबाच्या घरी हे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. काम तेथेच बंद पडले असते. पण ओबर्लिन ह्यांना ते कळले. त्यांनी त्या मुलीला आपल्या हाताखालची शिपाई न मानता, देवाने आपल्याला दाखवलेली वाट मानले. बापाशी बोलून, करार करून, १७६९ साली त्यांनी साराला पगार देऊन त्याच कामावर नेमले.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. विद्यापीठात शिकलेला पाळक आणि खेड्यातली मुलगी! तो म्हणू शकला असता की, हे काम फार हलके आहे. तो असेही म्हणू शकला असता की, ही कल्पना माझी आहे. त्याने दोन्हीपैकी काही केले नाही. मंडळीतील धाकट्यात धाकट्याचे चांगले काम ओळखून त्याला बळ देणे, ह्यालाच आम्ही ख्रिस्ती उत्तेजन समजतो.

ती खोली विणकामाची खोली म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि तशाच खोल्या इतर गावीही निघाल्या. ओबर्लिन ह्यांच्या पत्नी सालोमे ह्यांनी ह्या कामात मोठा हातभार लावला. खोलीवर नेमलेल्या बायांना कोवळ्या मुलांच्या मार्गदर्शिका असे म्हणत. साधारणपणे एक बाई हस्तकामाकडे पाही व दुसरी मुलांना शिकवी व रमवी. अगदी तान्ह्यांना नुसते बसावयास व खेळावयास मोकळीक असे. पाच-सहा वर्षांची मुले विणणे, सूत कातणे व शिवणे शिकत. हात थकले की रंगीत चित्रे पुढे येत. त्यांत पवित्र शास्त्रातील प्रसंग असत, तसेच पशुपक्षी व वनस्पती असत. आपल्या खोऱ्याचा, प्रांताचा व देशाचा नकाशा दाखवला जाई. मुलांना रानात नेऊन फुले व पाने ओळखावयास शिकवीत. मग गीते होत. मारझोड व घोकंपट्टी ह्यांवर भिस्त ठेवणाऱ्या त्या काळात ही रीत विलक्षण होती. फ्रीड्रिख फ्रोबेल ह्यांनी जर्मनीत बालोद्यानाची शाळा १८३७ साली काढली. त्याच्या ६८ वर्षे आधी ह्या डोंगरात मुले हातांनी शिकत होती.

सारा फार दिवस जगली नाही. १७७४ साली, तिशी गाठण्यापूर्वीच, प्रभूने तिला बोलावून घेतले. परंतु विणकाम करणाऱ्यांना ठाऊक आहे की, एक टाका दुसऱ्यात अडकवलेला असला म्हणजे वस्त्र उसवत नाही. बेलफॉस गावची लुईझ शेप्लर ही मुलगी वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी पाळकांच्या घरी कामास आली आणि तिने हेच व्रत घेतले. बर्फातून, डोंगर चढून ती गावोगावच्या मुलांकडे जाई. ओबर्लिन ह्यांच्या पत्नी लहान लेकरे मागे ठेवून वारल्या, तेव्हा ह्याच लुईझने ते घर सावरले. पुढे १७९३ साली तिने पाळकांना पत्र लिहून विनविले की, आपल्याला पगार नको, घरच्या मुलीप्रमाणे वागवावे. ती शेवटपर्यंत त्या घरची मुलगीच राहिली.

त्याच सुमारास फ्रान्सात राज्यक्रांतीचे वादळ उठले होते. उपासना बंद झाल्या, पाळकांचे वेतन गेले, आणि १७९४ साली ओबर्लिन ह्यांना काही दिवस कैदही सोसावी लागली. तरी त्याच वर्षी नव्या सरकारनेच त्यांच्या शिक्षणकार्याची सन्मानपूर्वक नोंद केली. ते आपल्या मंडळीतील एकेकासाठी नाव घेऊन प्रार्थना करीत, आणि ज्यांची विशेष आठवण ठेवावयाची त्यांची नावे आपल्या खोलीच्या दारावर खडूने लिहून ठेवीत. गुलामांच्या कष्टांनी पिकणारी साखर व कॉफी त्यांनी वर्ज्य केली होती. १८१९ साली फ्रान्सच्या राजाने त्यांना लीजन ऑफ ऑनर हे मानचिन्ह दिले.

१ जून १८२६ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, ते प्रभूमध्ये निजले. फुदे येथील मंडळीच्या आवारात त्यांना पुरण्यात आले. अंत्ययात्रेत सारे खोरे लोटले. शेजारच्या रोमन कॅथोलिक बायाही शोकाची वस्त्रे घालून आल्या व गुडघे टेकून प्रार्थना करू लागल्या. पुढे १८२९ साली फ्रेंच अकादमीने लुईझ शेप्लर हिला सद्गुणाबद्दलचे ५,००० फ्रँकचे पारितोषिक दिले. ती रक्कम तिने स्वतःच्या सुखासाठी ठेवली नाही. लेकरांच्या शाळा व गोरगरीब ह्यांच्याकडे वळवली. १८३७ साली तीही गेली. वाल्डर्सबाख येथील जुन्या पाळकगृहात आज ओबर्लिन ह्यांच्या नावाचे संग्रहालय असून, त्यांनी शिकवण्यासाठी वापरलेल्या वस्तू तेथे पाहावयास मिळतात.

प्रिय उपदेशक बंधूंनो व भगिनींनो, आपल्या गावी लोकर व शेकोटी नसेल. परंतु जुन्या लुगड्यांचे तुकडे, सुई, दोरा, रंगीत कागद व खळ कोठे मिळत नाहीत? पुढल्या आठवड्यात मुलांना एक लहान गोधडी शिवावयास द्या. ती कोणासाठी आहे हे आधी सांगा. मंडळीत नवे बाळ जन्मले असेल, किंवा एखादी आजी अंथरुणाला खिळली असेल. प्रत्येक मुलाचा एकेक तुकडा त्या गोधडीत असावा. जी मुले सुई धरू शकत नाहीत त्यांनी कागदाचे फूल कातरून चिकटवावे. टाका वाकडा गेला तर तो उसवून मुलाला लाजवू नका. शेजारच्या मुलाला त्याचे कापड धरावयास सांगा. गोधडी पुरी झाली की मुलांनीच ती घेऊन जावी, पांघरावी व प्रार्थना करावी. त्या दिवशी प्रीतीवर उपदेश थोडका झाला तरी चालेल.

आणखी एक गोष्ट. आपल्या मंडळीतही एखादी सारा असेल. ओट्यावर शेजारची पोरे जमवून ती काहीतरी करीत बसत असेल, आणि घरचे तिला बोल लावीत असतील. तिला शोधून काढा, तिच्या आईबापांशी बोला, आणि तिचे नाव आपल्या प्रार्थनेच्या दारावर लिहा. ज्या प्रभूने लेकरांना जवळ घेऊन त्यांच्यावर हात ठेवले, तो आपलेही हात ह्या कामाला लावो.