सर रॉस मसूद आणि परक्या भाषेचा वर्ग



मुलाला कोणत्या माध्यमात घालावे, हा प्रश्न आपल्या कुंभार पिंपळगावात दर जूनला घरोघरी निघतो. घरात दखनी, गल्लीत मराठी आणि नोकरीसाठी इंग्रजी! हा तिढा ज्यांनी जन्मभर हाताळला, त्या सर रॉस मसूद यांची ओळख आपण करून घ्यावी. कारण १९१६ पासून १९२८ पर्यंत ते निजाम राज्याचे शिक्षण संचालक होते आणि आपल्या मराठवाड्यातील सरकारी शाळा त्यांच्याच अखत्यारीत होत्या.

सर सय्यद अहमद खान यांचे हे नातू. जन्म १८८९. आजोबा आणि वडील न्यायमूर्ती सय्यद महमूद, दोघांचेही छत्र लहानपणीच हरपले. अलीगढचे माजी प्राचार्य मॉरिसन यांनी पालकत्व घेतले. ऑक्सफर्डसाठी लॅटिन हवी, म्हणून १९०६ साली सतरा वर्षांच्या मसूदला एक तरुण इंग्रज शिकवणी देऊ लागला. त्याचे नाव ई. एम. फॉर्स्टर. लॅटिन किती झाली हे सोडा, पण गुरुशिष्यांची मैत्री जन्मभर टिकली. फॉर्स्टर पुढे हिंदुस्थानात आले, १९१३ साली औरंगाबाद आणि वेरूळही पाहून गेले, आणि १९२४ ची आपली जगप्रसिद्ध कादंबरी त्यांनी मसूद यांनाच अर्पण केली. मला वाटते, शिक्षकाने परकी भाषा शिकवताना मुलाची भाषा व घर जाणून घेतले, तर वर्गाचा रंगच पालटतो.

हैदराबादेत मसूद यांच्याच कारकिर्दीत उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. सर्व विषय उर्दूतून, पण इंग्रजी सक्तीची. पाठ्यपुस्तकांच्या भाषांतराचे काम औरंगाबादशी जवळचा संबंध असलेल्या मौलवी अब्दुल हक यांच्यावर आले. १९२२ साली मसूद जपानला गेले आणि तेथील शिक्षणपद्धतीवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. जपानी मुले शास्त्र आपल्या भाषेत शिकत आणि इंग्रजी एक विषय म्हणून घेत. योगायोग पाहा, त्याच वर्षी हॅरल्ड पामर हे इंग्रज भाषातज्ज्ञ जपान सरकारचे सल्लागार म्हणून तेथे गेले. माध्यमिक शिक्षकांनी व्याकरण घोकून घेण्याआधी मुलांना इंग्रजी ऐकवावी, बोलायला लावावी, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडेही मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून आपण मुलाला बोलतो. शिक्षकाला ती शिकवण्याचे शिक्षण किती मिळाले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या मुलांना उर्दूही शिकूनच घ्यावी लागे. म्हणजे त्यांच्या वाट्याला एक नव्हे, दोन परक्या भाषा आल्या. मातृभाषेचे तत्त्व आपल्या खेड्यातील मराठी मुलापर्यंत पोहोचलेच नाही, आणि ही उणीव मसूद यांच्या नावावरही मांडावी लागते.

१९२९ ते १९३४ ते अलीगढचे कुलगुरू होते. पुढे भोपाळला शिक्षणमंत्री झाले आणि तेथेच १९३७ साली, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारले. अलीगढला आजोबांच्या शेजारी त्यांचे दफन झाले. इंग्रजीच्या शिक्षकांना शिकवणारी मध्यवर्ती संस्था हैदराबादेत निघाली ती १९५८ साली, उस्मानिया विद्यापीठाला लागूनच.