शोकाच्या दोन भाषा

रॉबर्ट फ्रॉस्ट हे नाव आपल्याकडे सर्वतोमुखी झाले ते पंडित नेहरूंमुळे. हिमवर्षावात रानापाशी थबकलेल्या वाटसरूविषयीच्या त्याच्या कवितेतील अखेरच्या ओळी नेहरूंनी स्वहस्ते उतरवून आपल्या टेबलावर ठेवल्या होत्या. निसर्गाचा आणि कर्तव्याचा कवी, अशी त्याची प्रतिमा त्यामुळे रूढ झाली. परंतु याच कवीने अपत्य गमावलेल्या एका दांपत्यावर दीर्घ कविता लिहिली आणि जाहीर काव्यवाचनात ती वाचण्याचे मात्र कायम टाळले. या मौनामागे त्याच्या संसाराची कहाणी आहे.

फ्रॉस्टचा जन्म २६ मार्च १८७४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. अकराव्या वर्षी पितृछत्र हरपले आणि आई मुलांना घेऊन मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स गावी आली. तेथील शाळेत एलिनॉर व्हाइट ही बुद्धिमान मुलगी त्याची सहाध्यायी होती. १८९५ च्या डिसेंबरात दोघे विवाहबद्ध झाले. पुढल्या वर्षी इलियट हा पहिला मुलगा जन्मला.

जुलै १९०० मध्ये कॉलऱ्याने इलियटचा बळी घेतला. त्याला चार वर्षेही पूर्ण झाली नव्हती. डॉक्टर आले तेव्हा वेळ टळून गेली होती. वेळीच योग्य उपचार केले नाहीत, हा दोष फ्रॉस्टने स्वतःकडे घेतला. एलिनॉर मूक झाली. तिची ईश्वरावरील श्रद्धाही ढळली. एकाच आघाताने दोघे दोन दिशांना फेकले गेले. त्याच वर्षी हे कुटुंब न्यू हॅम्पशायरमधील डेरी येथील शेतावर राहावयास गेले. १९०७ मध्ये जन्मलेली सर्वांत धाकटी मुलगी तर काही दिवसांतच दगावली.

१९१२ मध्ये फ्रॉस्ट सहकुटुंब इंग्लंडला गेला. तेथे १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्थ ऑफ बॉस्टन’ या संग्रहात ‘होम बरिअल’ ही ती कविता आहे. एलिनॉरच्या बहिणीवरही असाच प्रसंग ओढवला होता आणि कवितेचे मूळ फ्रॉस्ट त्या घटनेकडे नेत असे. तरीही इलियटची सावली तिच्यावर पडली नसेल, असे मानणे कठीण आहे.

कवितेत घडते ते फारच थोडे. जिन्यावरच्या खिडकीतून घरालगतची लहानशी दफनभूमी दिसते. तेथे आपल्या बाळाचा ताजा मातीचा ढिगारा पाहत पत्नी उभी आहे. पतीने ती कबर स्वतःच्या हातांनी खणली. मातीने माखलेले जोडे घेऊन तो घरात आला आणि कुंपणाची लाकडे पावसाने कुजतात, असे काहीतरी बोलला. पत्नीला त्यात केवळ निष्ठुरता दिसते. ज्याला रडता येत नाही तो खणतो आणि भलतेच काही बोलतो, हे तिला उमगत नाही. तिचा शोक तिला एकटीला जपायचा आहे, हे त्यालाही उमगत नाही. अखेर ती दार उघडून जाऊ पाहते आणि तो तिला जबरीने परत आणण्याची भाषा करतो.

या कवितेत फ्रॉस्ट न्यायाधीश झाला नाही. पतीचे अवघडलेपण तो जाणतो. परंतु त्याच्यावरील सर्वांत धारदार आरोप त्याने पत्नीच्याच मुखी घातले आहेत आणि ते सौम्य केलेले नाहीत. अपत्यशोक पती-पत्नींना जवळ आणतोच, हा आपला समज ही कविता मोडून काढते. शोक एकच असला तरी त्याची भाषा दोघांची वेगळी असू शकते आणि त्या भाषा परस्परांना कळल्या नाहीत तर घर दुभंगते.

पुढे कीर्ती आली. पुलित्झर पुरस्कार चार वेळा लाभला. १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या शपथविधीत काव्यवाचनाचा मान मिळाला. घरातील मृत्यू मात्र थांबले नाहीत. १९३४ मध्ये मार्जोरी ही मुलगी बाळंतपणानंतर गेली, १९३८ मध्ये एलिनॉर निवर्तली आणि १९४० मध्ये कॅरोल या मुलाने आत्महत्या केली. सहा अपत्यांपैकी दोनच मुली पित्याच्या पश्चात उरल्या.

२९ जानेवारी १९६३ रोजी फ्रॉस्टचे निधन झाले. इलियटच्या मृत्यूनंतरही त्याचा आणि एलिनॉरचा संसार अडतीस वर्षे टिकला होता. कवितेतील दार उघडेच राहिले. ती स्त्री गेली की थांबली, हे कवीने सांगितले नाही. त्याच्या स्वतःच्या घरातील स्त्री थांबली. तिने काय सोसले, याचा काही अंदाज वाचकाला त्या न वाचल्या गेलेल्या कवितेवरून करता येतो.